मामांचा मेगा ड्राइव्ह, मित्राचा सुपर फॅमिकॉम आणि पन्नास-साठचं भांडण

विचारलेलं थोडक्यात असं. इंदूरच्या सुदामानगरातल्या एका मंडळाला यंदा गणेशोत्सवात 'स्ट्रीट फायटर टू' या मारामारीच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा ठेवायची आहे. हाताशी तीन यंत्रं आहेत. मामांचा जुना सेगा मेगा ड्राइव्ह आणि त्यावरची 'स्पेशल चॅम्पियन एडिशन'ची कॅसेट. जपानला नोकरी करून परतलेल्या मित्राचा सुपर फॅमिकॉम आणि 'टर्बो'ची कॅसेट. आणि आतेभावाचा पीएस ४, त्यात 'थर्टिएथ ॲनिव्हर्सरी कलेक्शन'. नेटवर दोन्ही जुन्या यंत्रांची चित्रं शेजारीशेजारी लावलेली बघून प्रश्नकर्त्याचं मत सुपर फॅमिकॉमकडे झुकलंय. मामांचं म्हणणं, मेगा ड्राइव्हसारखा हात दुसऱ्या कशावर बसतच नाही. तर व्हिडिओ गेम पार्लरमधल्या मूळ खेळाच्या जवळचं कोण, आणि स्पर्धेला काय लावावं?

जेल रोडवर माझं जुने व्हिडिओ गेम आणि ट्यूबवाले टीव्ही दुरुस्त करायचं दुकान आहे. हा वाद माझ्या काउंटरवर पूर्वी पोरं घालायची, आता त्या पोरांची पोरं घालतात. म्हणून निकाल आधी सांगून टाकतो. डोळ्याला सुपर फॅमिकॉम, हाताला मेगा ड्राइव्ह, आणि मूळ खेळाशी इमान म्हणाल तर पीएस ४, कारण त्यात पार्लरच्याच खेळाचा प्रोग्रॅम चालतो. पण या सगळ्याला एक अट आहे. यंत्र ६० हर्ट्झवर चाललं पाहिजे. मित्राचं यंत्र जपानी आहे, ते चालतं. मामांचं बहुधा चालत नाही, आणि तुमच्या घरातलं खरं भांडण तिथेच आहे. नेटवरच्या त्या चित्रांत ते दिसणारच नाही, कारण थांबलेल्या चित्राला वेग नसतो.

आपल्याकडचा जुना टीव्ही पाल पद्धतीचा. तो सेकंदाला ५० वेळा पडदा रंगवतो. जपान-अमेरिकेत एनटीएससी, तिथे ६० वेळा. त्या काळचे खेळ घड्याळाकडे बघून चालत नसत. पडदा एकदा रंगला की खेळ एक पाऊल पुढे सरकायचा. म्हणजे एखाद्या उडीला ६० पावलं लागत असतील, तर ती उडी तोक्योत एका सेकंदात संपते आणि इंदूरमध्ये १.२ सेकंद हवेत लोंबकळते. र्‍यूचा आगीचा गोळा, गायलची लाथ, वरचं ९९ पासून उतरणारं घड्याळ, सगळं त्याच प्रमाणात रेंगाळतं. शिवाय पालच्या पडद्यावर रेषा जास्त. खेळाचं चित्र २२४ रेषांचं, पडद्यावर दिसणाऱ्या रेषा २८८ च्या आसपास. उरलेल्या रेषांचं करायचं काय, तर वरखाली काळे पट्टे. त्यामुळे सगळे पहिलवान थोडे बुटके आणि रुंद दिसतात. युरोपसाठी काढलेल्या बहुतेक खेळांत कंपन्यांनी यावर काही उपाय केला नाही, आणि आपल्याकडे माल आला तो त्याच जातीचा.

म्हणून 'मेगा ड्राइव्ह विरुद्ध सुपर निंटेंडो' (सुपर फॅमिकॉम हे त्याचंच जपानी नाव) ही तुलना आपल्याकडे नेहमी पायातच वाकडी निघते. एक यंत्र दुबईहून आलेलं, एक जपानहून, आणि लोक दोष देतात कंपनीला. मामांचा हात ५० वर घडलाय. गोळा केव्हा सोडायचा, समोरच्याच्या उडीखाली लाथ केव्हा घालायची, हे त्यांच्या अंगठ्यात संथ वेगानं मुरलंय. मित्राच्या यंत्रावर त्यांना सगळं अंगावर आल्यासारखं वाटणार, आणि तुम्हाला त्यांच्या यंत्रावर चिखलातून चालल्यासारखं.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. पडद्यावर वरखाली काळे पट्टे आहेत का बघा. नंतर फोनचं स्टॉपवॉच लावा, दोघांनीही रिमोट खाली ठेवा आणि ९९ ते ० व्हायला किती वेळ लागतो ते मोजा. मग तेच मित्राच्या यंत्रावर. फरक सहाव्या हिश्शाच्या आसपास आला तर समजा मामांचं यंत्र ५० वर आहे.

यावर इलाज आहे. मेगा ड्राइव्हच्या बोर्डावर देश आणि वारंवारता ठरवणारे जंपर, म्हणजे जोडणीचे बारीक पूल, असतात. तो रस्ता तोडून तिथे एक छोटा स्विच बसवला की ५० आणि ६० दोन्ही मिळतात. माझ्याकडे गिऱ्हाइकाला दाखवायला मी चालू खेळातच स्विच टाकतो. काळे पट्टे गायब होतात, केन उंच होतो, आणि अर्ध्या वाटेवर असलेला गोळा एकदम धावत सुटतो. ज्यांनी लहानपणापासून तीच कॅसेट खेळलीय, त्यांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे असतात. काही जण लगेच परत ५० वर टाकायला सांगतात. सुपर निंटेंडोचं पाल यंत्र असेल तर हे काम जास्त कटकटीचं, कारण तिथे चित्राच्या दोन चिपांच्या पिना उचलाव्या लागतात. तुमच्या मित्राचं मुळातच ६० चं आहे, त्याला हात लावू नका.

आता दोन्ही ६० वर आहेत असं धरून चालू.

मूळ खेळ कॅपकॉमचा, १९९१ चा. सहा बटणं, तीन बुक्क्यांची आणि तीन लाथांची. हलका, मध्यम, जोरदार. पार्लरच्या बोर्डाचं चित्र ३८४ गुणिले २२४ ठिपक्यांचं. सुपर निंटेंडोला आडवे ठिपके मिळतात २५६, मेगा ड्राइव्हला ३२० पर्यंत. म्हणजे दोघांनाही चित्रं नव्यानं बसवावी लागली. पण रंगांत उलटं. सुपर निंटेंडोकडे ३२,७६८ रंगांतून एका वेळी २५६ पर्यंत दाखवायची सोय, मेगा ड्राइव्हकडे ५१२ रंगांतून जेमतेम ६४. त्यामुळे मेगा ड्राइव्हवर संध्याकाळचं आभाळ पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं आणि कातडीचा रंग जरा मळकट. नेटवर तुम्ही जे बघितलं ते हेच, आणि ते खरंच आहे.

सुपर निंटेंडोवर पहिला 'स्ट्रीट फायटर टू' आला १९९२ मध्ये, १६ मेगाबिटच्या कॅसेटवर, म्हणजे २ एमबी. आजच्या फोनमधला एक फोटो त्याहून मोठा असतो. जागा पुरावी म्हणून बरंच काही गाळलं. सुरुवातीला रस्त्यावर दोघं मारामारी करतात ते दृश्य गेलं, धालसिमच्या दरबारातले काही हत्ती गेले, पिंपं फोडायच्या फेरीच्या जागी विटांची भिंत आली. त्यातच एकसारखी दोन पात्रं समोरासमोर लढवता येत नसत. त्यासाठी कॅपकॉमचं नाव पडद्यावर येत असतानाच खाली, आर, वर, एल, वाय, बी असं दाबायचं. १९९३ चा 'टर्बो' २० मेगाबिटचा, आणि मित्राकडे तोच आहे ते बरं झालं. मामांची मेगा ड्राइव्हची कॅसेटही १९९३ चीच, २४ मेगाबिटची. तिच्यात 'चॅम्पियन' आणि 'हायपर' असे दोन प्रकार मिळतात. मित्राच्या 'टर्बो'तही दोन्ही आहेत, नावं तेवढी वेगळी. 'हायपर'मध्ये र्‍यू-केनला हवेत फिरती लाथ, चुन-लीला गोळा, धालसिमला गायब होऊन दुसरीकडे उगवायची युक्ती. म्हणजे तुमच्या स्पर्धेपुरतं बघितलं तर दोन्ही कॅसेटींतला माल सारखाच आहे. मामांच्या कॅसेटीत वर गटागटांची झुंज लावायचा एक जादा प्रकारही आहे, मंडळाच्या पोरांना तो आवडेल.

आवाजाची गोष्ट मात्र लोक अर्धीच सांगतात. 'मेगा ड्राइव्हचा आवाज घोगरा' हे सगळ्यांना पाठ. हो, गोळा सोडतानाची आरोळी 'हाडोकेन' म्हणताना र्‍यूच्या घशात खरखर असते. पण संगीताकडे कान द्या. पार्लरच्या बोर्डावर यामाहाची एफएम चिप (सूर स्वतः घडवून काढणारी) होती, मेगा ड्राइव्हमध्येही यामाहाचीच एफएम चिप आहे, त्याच घराण्यातली. गायलच्या मैदानाची धून मेगा ड्राइव्हवर जशी धारदार वाजते तशी सुपर निंटेंडोवर वाजत नाही. तिथे ती गुबगुबीत होते, सभागृहात वाजल्यासारखी. सुपर निंटेंडोची चिप रेकॉर्ड केलेले नमुने वाजवणारी, म्हणून माणसाचा आवाज तिथे स्वच्छ. मेगा ड्राइव्हला सहा एफएम सुरांपैकी एक बाजूला ठेवून त्यातून बोलणं काढावं लागतं. तरीही ती खरखर चिपची नव्हे, प्रोग्रॅमची. पुढे हौशी मंडळींनी आवाजाचा भाग नव्यानं लिहून त्याच यंत्रातून स्वच्छ बोल काढून दाखवले. १९९३ मध्ये कुणाला तेवढा वेळ नव्हता, एवढंच.

आणि आता हात. इथे मी पूर्ण मामांच्या बाजूचा.

सुपर निंटेंडोच्या रिमोटवर समोर चार बटणं आणि खांद्यावर दोन. म्हणून जोरदार बुक्की डाव्या खांद्यावर जाते, जोरदार लाथ उजव्या. ज्या डाव्या हातानं गोळ्यासाठी खाली, खाली-पुढे, पुढे असं फिरवायचं, त्याच हाताच्या तर्जनीनं बुक्की. होतं, सवयीनं होतं, पण पार्लरची रचना ही नव्हे. सेगानं या खेळाच्या सुमारास सहा बटणांचा रिमोट काढला. वर एक्स, वाय, झेड, खाली ए, बी, सी. वरची ओळ बुक्क्या, खालची लाथा, अगदी पार्लरसारखं. आणि त्याची गोल दिशाचकती तिरक्या दिशांना जशी लागते तशी त्या काळात दुसऱ्या कुणाची लागत नव्हती. पुढे, खाली, खाली-पुढे या शोर्‍युकेनच्या, म्हणजे उसळून मारायच्या बुक्कीच्या, चालीत सगळा खेळ त्या शेवटच्या तिरप्या ठोक्यावर असतो.

मामांकडे मात्र सहा बटणांचाच रिमोट आहे ना? तीन बटणांचा असेल तर हा सगळा मुद्दा बाद. त्यावर स्टार्ट दाबून बुक्क्या आणि लाथा यांत अदलाबदल करावी लागते. तसं स्पर्धेला कुणाला बसवू नका, पाप लागेल.

रिमोट जुना आहे, तेव्हा उघडून बघाच. मागचे स्क्रू काढले की आत रबराची चादर असते, तिच्या खालच्या अंगाला प्रत्येक बटणामागे एक काळी कार्बनची टिकली. ती टिकली बोर्डावरच्या काळ्या पट्ट्यांना टेकली की बटण लागतं. वर्षानुवर्षांच्या घामानं आणि शेवेच्या तेलानं तिच्यावर चकाकी येते. (इंदूरचे रिमोट मी वासावरून ओळखतो.) आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा बोळा हलक्या हातानं फिरवा, पट्ट्यांवरही फिरवा. टिकली खरवडू नका, कार्बन निघून येतो. दिशाचकतीची एक बाजू जास्त झिजलेली असेल, बहुधा उजवी, कारण सगळेच पहिल्या खेळाडूच्या जागेवर बसायला धडपडतात. मग पडद्याच्या उजव्या बाजूला उभं राहून गोळा सुटतो आणि डाव्या बाजूला उभं राहून सुटत नाही, आणि पोरगं म्हणतं कॅसेट खराब.

बाकी आवृत्त्यांचं पटकन सांगतो. पीसी इंजिन या जपानी यंत्रावर १९९३ मध्ये 'चॅम्पियन एडिशन' आला, २० मेगाबिटच्या पत्त्याएवढ्या कार्डावर, आणि तो अपेक्षेपेक्षा फारच चांगला आहे. इथे मिळणार नाही. थ्रीडीओवरच्या १९९४ च्या 'सुपर टर्बो'चं संगीत नव्यानं वाजवून सीडीवर घातलेलं, ऐकायला मजा येते. अमिगा आणि डॉसवाले विसरा. ब्राझीलमध्ये तर टेकटॉयनं १९९७ मध्ये आठ बिटांच्या मास्टर सिस्टिमवरही हा खेळ बसवून दाखवला, त्या जिद्दीला नमस्कार. आपल्या लहानपणी पिवळ्या कॅसेटवाल्या टीव्ही गेमवर जो 'स्ट्रीट फायटर' मिळायचा तो कॅपकॉमचा नव्हताच. त्या यंत्रासाठी कंपनीनं हा खेळ कधी काढला नाही, ते सगळं नकली.

यंत्र खेळाला कुठे कमी पडतं हे समजून घ्यायचं असेल तर 'स्ट्रीट फायटर टू'पेक्षा चांगलं उदाहरण पुढचं आहे, 'एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर'. यात प्रत्येकाकडे दोन पहिलवान, आणि लढत चालू असताना एकाला बाहेर काढून दुसऱ्याला आत आणायचं. म्हणजे चौघांच्या सगळ्या हालचालींची चित्रं एकाच वेळी मेमरीत हजर हवीत. सीडीवरून लढत थांबवून वाचत बसता येत नाही. सेगा सॅटर्नसाठी जपानमध्ये १९९७ मध्ये हा खेळ ४ एमबी जादा मेमरीच्या कार्ट्रिजसह आला, आणि अदलाबदल पार्लरसारखी चालली. प्लेस्टेशनला अशी खोबण नव्हती. १९९८ च्या त्याच्या आवृत्तीत लढतीच्या मधली अदलाबदलच काढून टाकली. मांडणी तीच, पात्रं तीच, पण ज्यासाठी खेळ केला तेच नाही. दोन्हींची थांबलेली चित्रं शेजारी लावा, कुणालाही फरक सांगता येणार नाही.

उलट 'टेकन थ्री' बघा. पार्लरचा बोर्डच प्लेस्टेशनच्या कुळातला, म्हणून १९९८ मध्ये घरी आलेला खेळ हाताला जवळजवळ तसाच लागला. मागची दृश्यं तेवढी सपाट केली, आणि वर टेकन बॉलसारखे प्रकार जादा दिले. गंमत पुढे झाली. २०१८ मध्ये सोनीनं प्लेस्टेशन क्लासिक नावाचं छोटं यंत्र काढलं, त्यात 'टेकन थ्री' घातला तो पाल, ५० हर्ट्झचा. अमेरिकेतल्या लोकांनाही तोच. तिकडच्या लोकांनी तेव्हा जी ओरड केली ती वाचून मला आपली सगळी पिढी आठवली, भिया, आम्ही तर त्यालाच खेळ समजत होतो.

आता तुमच्या मंडपाचं. तिथे टीव्ही कोणता असणार? कुणाच्या घरचा मोठा सपाट एलईडी, असं धरतो. जुन्या यंत्राच्या पिवळ्या वायरीतून येणारं २४० रेषांचं चित्र बहुतेक सपाट टीव्ही ४८० रेषांचं तुटक चित्र समजतात, दोन-दोन जोडत बसतात, मग पडद्याएवढं ताणतात. या उठाठेवीत वेळ जातो. बटण दाबलं आणि बुक्की बसली यांत अंतर पडतं. मोजायचं असेल तर फोनच्या स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चित्रांवर, रिमोटवरचा अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत घ्या. अंगठा खाली गेल्यापासून र्‍यूचा हात हलेपर्यंत चित्रं मोजा. एक चित्र म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. ट्यूबवाल्या टीव्हीवर आणि एलईडीवर मोजून बघा, मग मेगा ड्राइव्ह की निंटेंडो हा वाद तुम्हालाच किरकोळ वाटेल.

तेव्हा एलईडी असेल तर पीएस ४ लावा. त्या संचात बारा खेळ आहेत, त्यातला 'हायपर फायटिंग' निवडा, अपडेट घालून घ्या, कारण सुरुवातीच्या आवृत्तीत बटणांना उशीर होतो अशी तक्रार होती आणि ती नंतर सुधारली. टीव्हीचा गेम मोड चालू करा. रिमोट शक्यतो वायरनं जोडा. मंडपात दहा जणांचे ब्लूटूथ चालू असतात.

ट्यूबवाला टीव्ही मिळाला, तर मित्राचा सुपर फॅमिकॉम लावा आणि मामांच्या यंत्राला स्विच बसवून शेजारी ठेवा. टीव्ही एनटीएससी घेतो का ते आधी बघा. जुने निव्वळ पालवाले टीव्ही जपानी यंत्राला काळंपांढरं चित्र देतात किंवा चित्र वर सरकत राहतं. नव्वदीच्या शेवटी आलेले बरेच टीव्ही दोन्ही घेतात. मामांचं यंत्र ६० वर टाकलं तर बहुतेक वेळा रंग पालचेच राहतात, म्हणून ते आपल्या टीव्हीवर जास्त समजुतीनं वागतं.

सुपर फॅमिकॉमच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. त्याचा मूळ अडॅप्टर १०० व्होल्टचा आहे, आपल्या २३० च्या प्लगात थेट घातला की संपलाच. स्टेपडाउन (व्होल्ट उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) घ्या, किंवा १० व्होल्ट डीसीचा दुसरा अडॅप्टर लावा, पण मधली पिन निगेटिव्ह आहे हे बघून; बाजारातले बरेचसे अडॅप्टर उलटे असतात. आणि जपानी कॅसेटीत तीन बॉसांची नावं फिरलेली आहेत. आपण ज्या मुक्केबाजाला बालरॉग म्हणतो तो तिथे एम. बायसन, पंजेवाला तिथे बालरॉग, आणि शेवटचा टोपीवाला व्हेगा. फळ्यावर नावं लिहिताना 'मुक्केबाज', 'पंजेवाला', 'टोपीवाला' असंच लिहा, नाहीतर उपांत्य फेरीत भांडणं सोडवत बसाल.

मामांना खेळवायचं असेल तर स्विच आत्ताच बसवून घ्या, आदल्या दिवशी नको. अंगठा ६० वर यायला थोडे दिवस जातात.